‘नळी नको’ म्हणणाऱ्या रुग्णाचे काय करायचे?

रात्रीचे अडीच. कॅज्युअल्टीत ७८ वर्षांच्या एका आजोबांना आणले जाते. फुप्फुसांचा जुना आजार, घरी ऑक्सिजनचे यंत्र, वर्षभरात दोनदा आयसीयू, त्यातल्या एका खेपेला अकरा दिवस व्हेंटिलेटर. धाप इतकी, की एका दमात दोनच शब्द निघतात. ते दोन शब्द असतात, ‘नळी नको.’ ड्युटीवरचा निवासी डॉक्टर ते ऐकतो आणि शेजारी उभ्या सुनेला विचारतो, ‘व्हेंटिलेटरवर घ्यायचं का?’ सून म्हणते, ‘हे ऐरोलीहून निघालेत. ते आले की ठरवू.’

हा प्रसंग कोणा एका घरातला नाही. माहीम, परळ, सायन, कुठल्याही मोठ्या रुग्णालयाच्या दारात तो थोड्याफार फरकाने घडत असतो. आजोबांनी उत्तर दिले, पण प्रश्न त्यांना विचारलेलाच नव्हता. मुलगा पोहोचेपर्यंत ऑक्सिजन आणखी खाली जातो, आजोबा ग्लानीत जातात आणि मग ‘पेशंट बेशुद्ध आहे, नातेवाइकांचा निर्णय नाही’ या कारणाने नळी घातली जाते. डॉक्टरने काही वाईट केले, असे कोणालाच वाटत नाही. त्यालाही वाटत नाही. जीव वाचवला ना!

गेल्या काही वर्षांत आपल्याकडे ‘सन्मानाने मरण्याचा हक्क’ या विषयावर बरेच बोलले गेले. त्याला माहीमचा एक धागा आहे. वीर सावरकर मार्गावरच्या हिंदुजा रुग्णालयाने २०२४ मध्ये ‘लिव्हिंग विल क्लिनिक’ सुरू केले. पुढे आपली शुद्ध हरपली आणि बरे होण्याची आशा उरली नाही, तर कोणते उपचार हवेत आणि कोणते नकोत, हे धडधाकट असतानाच लिहून ठेवण्यासाठी माणसे तिथे सल्ला घ्यायला जाऊ लागली. याच रुग्णालयातले मेंदूविकारतज्ज्ञ डॉ. रूप गुरसहानी हा विषय बरीच वर्षे मांडत आले आहेत. अशा दस्तऐवजाला मराठीत ‘वैद्यकीय इच्छापत्र’ म्हणता येईल. मालमत्तेच्या इच्छापत्राशी त्याची गल्लत होऊ नये एवढ्यासाठी तरी तो शब्द बरा.

पण या चर्चेने एक घोटाळाही केला. उपचार नाकारायचे म्हणजे इच्छापत्र हवे, नोटरी हवी, दोन वैद्यकीय मंडळे हवीत, कदाचित कोर्टही हवे, अशी समजूत सर्वसामान्यांत आणि डॉक्टरांतही पसरली. वरच्या आजोबांना यातले काहीच लागत नाही. ते शुद्धीवर आहेत, सज्ञान आहेत, बोलत आहेत. सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ९ मार्च २०१८ रोजी ‘कॉमन कॉज’ खटल्यात स्पष्ट केले, की निर्णयक्षम प्रौढ व्यक्तीला उपचार नाकारता येतो, त्यात जीव वाचवणारा उपचारही आला. हा अधिकार घटनेच्या कलम २१ मधून येतो. मंडळे आणि कागदपत्रे आहेत ती ज्यांना बोलता येत नाही त्यांच्यासाठी.

त्याच्याही आधीचा, २००८ सालचा, एक निकाल डॉक्टरांना जास्त ठाऊक असायला हवा. दिल्लीतल्या एका महिलेला दुर्बिणीने तपासणी करण्यासाठी भूल दिली होती. ती भुलेखाली असताना डॉक्टरांनी बाहेर बसलेल्या तिच्या आईची संमती घेतली आणि गर्भाशय व बीजग्रंथी काढून टाकल्या. सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की रुग्ण सज्ञान आहे, काही वेळाने शुद्धीवर येणार आहे आणि जिवाला तातडीचा धोका नाही. मग आईच्या संमतीला अर्थ नाही. शस्त्रक्रिया योग्य होती की नाही हा मुद्दा वेगळा, संमती नव्हती हा वेगळा. आपल्या रुग्णालयांत आजही नवऱ्याची, मुलाची, भावाची सही हीच खरी सही मानली जाते. वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारनियमांतही शस्त्रक्रियेच्या संमतीबाबत आधी पती किंवा पत्नीचा उल्लेख येतो आणि रुग्णाचा स्वतःचा शेवटी. नियम लिहिणाऱ्यांची सवय त्या क्रमात दिसते.

मग तातडीच्या वेळी कायदा कुठे वेगळा होतो? रुग्ण बेशुद्ध असेल, त्याचे म्हणणे कळायला मार्ग नसेल आणि थांबलो तर जीव जाईल, अशा वेळी डॉक्टरने संमतीविना उपचार करावेत. भारतीय न्याय संहितेचे कलम ३०, म्हणजे जुन्या दंड संहितेचे कलम ९२, सद्भावनेने केलेल्या अशा कृतीला संरक्षण देते. १९८९ च्या परमानंद कटारा निकालाने तर जखमीवर उपचार करणे हे प्रत्येक डॉक्टरचे कर्तव्य ठरवले. अपघातातला अनोळखी माणूस लोकलखालून काढून आणला, तर कोणी सहीची वाट पाहत बसत नाही, बसूही नये. पण ‘इमर्जन्सी’ हा शब्द उच्चारला की संमतीचा प्रश्न आपोआप मिटतो, असा याचा अर्थ नाही. संमती गृहीत धरायची ती रुग्णाचे म्हणणे माहीत नसते म्हणून. ते माहीत असेल तर गृहीत धरण्यासारखे काय उरते?

कॅनडात १९७९ मध्ये एका अपघातग्रस्त बेशुद्ध महिलेच्या पर्समध्ये चिठ्ठी सापडली. धार्मिक श्रद्धेमुळे मला कोणत्याही परिस्थितीत रक्त देऊ नये, असे त्यात लिहिले होते. डॉक्टरने तिचा जीव जातोय हे पाहून रक्त दिले आणि ती वाचली. पुढे तिने खटला भरला. १९९० मध्ये ओंटारियोच्या अपील न्यायालयाने डॉक्टरची चूक मान्य करून २० हजार डॉलरची भरपाई कायम ठेवली. वाचलेल्या रुग्णाने वाचवणाऱ्याला कोर्टात खेचावे, हे आपल्याकडे कोणालाही कृतघ्नपणाचे वाटेल. न्यायालयाला मात्र डॉक्टरच्या चांगल्या हेतूबद्दल शंकाच नव्हती. ज्या देहावर उपचार झाला तो कोणाचा, एवढाच मुद्दा होता.

आता सर्वात अवघड भाग. रुग्ण ‘नको’ म्हणतो तेव्हा ते खरोखर तोच म्हणतोय का?

रक्तातला ऑक्सिजन कमी झाला, कार्बन डायऑक्साइड वाढला, साखर ४० वर आली, की माणूस हात झटकतो, मास्क ओढून काढतो, शिव्या देतो, ‘मला घरी जाऊ द्या’ म्हणतो. वयस्कांमध्ये सोडियम घसरले तरी असेच होते, आणि मुंबईच्या उन्हाळ्यात जुलाब, रक्तदाबाच्या काही गोळ्या आणि कमी जेवण एवढ्यावर ते घसरू शकते. दारूच्या अमलाखाली डोक्याला मार लागलेला तरुण टाके न घालताच उठून जातो. त्याच्या मेंदूत रक्तस्राव सुरू असू शकतो. या सगळ्यांचे ‘नको’ ऐकून त्यांना सोडणे म्हणजे हक्काचा आदर नव्हे, तो हलगर्जीपणा आहे. ग्लुकोजचे एक इंजेक्शन दिल्यावर हाच माणूस पाच मिनिटांनी विचारतो, ‘मी इथे कसा आलो?’

ही पारख करायला मानसोपचारतज्ज्ञच लागतो असे नाही. आजार काय आहे आणि उपचार काय, हे रुग्णाला समजले का? ते आपल्याच बाबतीत आहे हे त्याला पटते का? उपचार घेतले तर काय, न घेतले तर काय, याचा त्याला मेळ घालता येतो का? आणि तो आपला निर्णय सांगू शकतो का, दहा मिनिटांनी पुन्हा विचारल्यावर तोच सांगतो का? एवढे पाहायला फार वेळ लागत नाही. वरचे आजोबा कदाचित यात उत्तीर्ण होतील. व्हेंटिलेटर म्हणजे काय ते त्यांना डॉक्टरपेक्षा जास्त माहीत आहे. अकरा दिवस त्यांनी ते भोगले आहे. मात्र त्यांच्या रक्तात त्या घडीला कार्बन डायऑक्साइड किती आहे, हेही पाहायलाच हवे. शिवाय, निर्णय आपल्याला मूर्खपणाचा वाटतो म्हणून रुग्ण निर्णयक्षम नाही, असे ठरवता येत नाही. ही चूक अनुभवी डॉक्टरही करतात. रुग्णाने होकार दिला की त्याची बुद्धी कोणी तपासत नाही, नकार दिला की लगेच मानसोपचार विभागाला कॉल जातो.

विष घेऊन आलेल्या रुग्णाची गोष्ट निराळी. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याचे कलम ११५ म्हणते, की आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली आहे असे मानावे. म्हणून तिचे ‘मला मरू द्या’ हे त्या क्षणी अंतिम मानले जात नाही. नव्या न्याय संहितेत आत्महत्येच्या प्रयत्नाचा जुना सरसकट गुन्हाही राहिलेला नाही. १९८६ मध्येच मुंबई उच्च न्यायालयाने, मुंबई पोलिसांतल्या एका शिपायाच्या प्रकरणात, न्या. पी. बी. सावंत यांच्या निकालाने ते कलम घटनाबाह्य ठरवले होते. पुढे सर्वोच्च न्यायालयात ते टिकले नाही, पण विचार तिथून सुरू झाला होता.

नकार स्वतःपुरताच देता येतो, हेही सांगायला हवे. सर्पदंश झालेल्याला रुग्णालयात नेऊ न देता मांत्रिकाकडे बसवणे हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. आईवडिलांनी तापाने फणफणलेल्या बाळाचे सलाइन नाकारले, तर तो बाळाचा नकार नसतो.

साथीच्या काळात तर हा हक्क आणखी आक्रसतो. मुंबईने तो अनुभव फार पूर्वी घेतला आहे. १८९६ च्या प्लेगात रुग्णांना घरातून उचलून रुग्णालयात नेले जाऊ लागले, तेव्हा ऑक्टोबरमध्ये आर्थर रोडच्या रुग्णालयावर गिरणी कामगारांचा मोठा जमाव चालून गेला. पुढच्या वर्षी साथरोग कायदा आला. तो कायदा कोविडपर्यंत वापरात होता.

पुन्हा बेशुद्ध रुग्णाकडे. इथे इच्छापत्र उपयोगी पडावे अशी अपेक्षा. २०१८ च्या निकालात त्यासाठी न्यायदंडाधिकाऱ्यापुढे सही करण्याची अट होती. ती इतकी जाचक ठरली, की इच्छापत्र करणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. २४ जानेवारी २०२३ रोजी घटनापीठाने ती सैल केली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरेसे आहेत. रुग्णालयाने आधी उपचार करणारा डॉक्टर व दोन तज्ज्ञांचे प्राथमिक मंडळ नेमायचे, मग दुसरे मंडळ. त्यात जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्याने नेमलेला एक डॉक्टर. प्रत्येकाने शक्यतो ४८ तासांत मत द्यायचे. दंडाधिकाऱ्याला फक्त कळवायचे. इच्छापत्राची एक प्रत पालिका किंवा पंचायतीच्या नेमलेल्या अधिकाऱ्याकडे जमा करायची.

हा अधिकारीच कुठे नव्हता. मुंबईतले स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. निखिल दातार यांनी आपले इच्छापत्र केले आणि ते ठेवायला जागा नाही, हे पाहून मुंबई उच्च न्यायालयात गेले. त्यानंतर राज्यात अशा अधिकाऱ्यांच्या नेमणुका झाल्या, मुंबई महापालिकेनेही वॉर्डांतल्या अधिकाऱ्यांकडे हे काम दिले. गोव्यात ३१ मे २०२४ रोजी उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती महेश सोनक यांनी स्वतःचे इच्छापत्र नोंदवून सुरुवात केली. न्यायाधीशाने स्वतःपासून आरंभ करावा, हे लोकांना समजावण्याच्या दहा शिबिरांपेक्षा परिणामकारक म्हणायला हवे.

पण रात्री अडीच वाजता वॉर्ड ऑफिस बंद असते. इच्छापत्र कपाटात, कपाटाची किल्ली सुनेकडे, सून अँब्युलन्समध्ये. शिवाय ते इच्छापत्र लागू होते ते बरे होण्याची आशा नसलेल्या आजारात, आणि ती आशा आहे की नाही हे पहिल्या तासात अनेकदा कळतच नाही. ४८ तासांची दोन मंडळे आणि पहिले पाच मिनिट, यांचा मेळ कसा बसायचा?

त्याचे उत्तर वैद्यकाच्या दृष्टीने फारसे गुंतागुंतीचे नाही, फक्त आपल्या डॉक्टरांच्या मनात ते बसलेले नाही. शंका असेल तर नळी घाला, उपचार सुरू करा. सुरू केलेले पुढे थांबवता येते. २०१८ च्या निकालाने उपचार सुरूच न करणे आणि सुरू केलेला उपचार काढून घेणे, या दोन्हींना एकाच चौकटीत ठेवले आहे. तरी आयसीयूत अजून ‘एकदा लावलं की काढता येत नाही’ हे वाक्य रोज ऐकू येते. ते वाक्य नातेवाइकांना घाबरवते आणि मग काही जण, नंतर अडकून पडू या भीतीने, सुरुवातीलाच चांगला उपयोगी पडू शकणारा उपचारही नाकारतात. दोन-तीन दिवस व्हेंटिलेटर लावून पाहू, सुधारणा नाही झाली तर बसून बोलू, असे आधीच ठरवून सुरुवात करता येते. हृदय बंद पडल्यास छाती दाबायची की नाही, याबद्दल भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने २०२० मध्ये मार्गदर्शक सूचना दिल्या आहेत; पण किती वॉर्डांतल्या केस पेपरवर त्याबद्दल एक ओळ लिहिलेली असते?

छाती दाबण्याबद्दल लोकांचे मत सिनेमा आणि मालिकांनी बनवले आहे. १९९६ मध्ये अमेरिकेतल्या लोकप्रिय मालिकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यांत सीपीआर दिलेल्या दर चारांपैकी तिघे तात्काळ वाचत होते. तिथल्याच खऱ्या रुग्णालयांत हृदय बंद पडलेल्यांपैकी साधारण पाचात एक जण घरी जातो. जर्जर वृद्धांत त्याहून कमी, आणि फासळ्या मोडतात त्या वेगळ्याच.

डॉक्टर घाबरतात ते मात्र आकडेवारीला नाही. रुग्णाचे ऐकून नळी घातली नाही, आजोबा पहाटे गेले आणि ऐरोलीहून आलेल्या मुलाने चारचौघांना घेऊन विचारले, ‘काही केलं का नाही?’ तर? महाराष्ट्राने २०१० मध्ये डॉक्टरांवरील हल्ल्यांविरुद्ध कायदा केला, पण कायद्याची प्रत ढाल म्हणून धरता येत नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने जीवरक्षक उपचार थांबवण्याबाबत मसुदा जाहीर केला, तेव्हा डॉक्टरांच्याच संघटनेतून आक्षेप आले. यामुळे आमच्यावर ताण वाढेल, असे त्यांचे म्हणणे होते. हे आक्षेप सगळेच चुकीचे म्हणता येणार नाहीत. एकट्या निवासी डॉक्टरच्या खांद्यावर हे ओझे टाकणे अन्यायाचे आहे. वरिष्ठाने रात्री फोन उचलायला हवा, शक्य असेल तर यायला हवे, आणि रुग्णाचे शब्द, वेळ, कोणासमोर बोलला, हे केस पेपरवर त्याच्याच शब्दांत लिहून ठेवायला हवे.

सध्या लिहिले जाते ते एकच, ‘डामा’. डॉक्टरच्या सल्ल्याविरुद्ध घरी नेत आहोत, काही झाल्यास रुग्णालय जबाबदार नाही. सही, अंगठा, मोबाइल नंबर. या एका कागदाखाली तीन वेगळ्या गोष्टी दडतात. खरोखर समजून-उमजून नकार देणारा एखादा; डॉक्टर काय म्हणाले हे कळलेच नाही असे कितीतरी; आणि पैसे संपलेले. तिसऱ्या प्रकाराची संख्या सरकारी रुग्णालयांना चांगली माहीत असते, कारण खासगी रुग्णालयातून ‘स्वेच्छेने’ निघालेले हे रुग्ण काही तासांनी त्यांच्याच दारात येतात, कधी हातात अँब्यू बॅग दाबत. पाच लाखांच्या बिलापुढे केलेल्या सहीला नकार म्हणणे ही भाषेची थट्टा आहे. अशा घराला समाजसेवा अधीक्षक, महात्मा फुले जनआरोग्य योजना, धर्मादाय खाटा यांची माहिती देण्याआधी फॉर्म पुढे सरकवणे हा रुग्णाचा हक्क पाळणे नव्हे. दुसरीकडे, पहिल्या प्रकारचा नकार देणाऱ्यालाही हाच फॉर्म देऊन घालवून देतात, हेही तितकेच चूक. व्हेंटिलेटर नाकारला म्हणजे वेदनाशामक, ऑक्सिजन, खाट आणि नर्स नाकारली असे होत नाही.

आपल्या समाजाला हा विचार परका आहे, असे काही जण म्हणतात. हिंदुजा ज्या रस्त्यावर उभे आहे त्या रस्त्याला ज्यांचे नाव आहे, त्या सावरकरांनी तिथून जवळच शिवाजी पार्कच्या घरी १ फेब्रुवारी १९६६ पासून औषध, अन्न आणि पाणी सोडले. २६ फेब्रुवारीला ते गेले. विनोबांनी १९८२ च्या नोव्हेंबरात पवनारला, हृदयविकाराचा झटका आल्यानंतर, औषध आणि अन्न दोन्ही नाकारले आणि १५ नोव्हेंबरला देह ठेवला. एकमेकांपासून विचाराने इतके दूर असलेल्या दोन माणसांच्या बाबतीत महाराष्ट्राने तो निर्णय त्यांचा मानला. त्यांच्या अन्नत्यागाच्या बाजू वादाच्या आहेत आणि उपचार नाकारण्यापेक्षा ती पुढची पायरी आहे. पण कोणी त्यांना बळजबरीने नळी घातली नाही. दुसऱ्या टोकाला परळच्या केईएममध्ये अरुणा शानबाग २७ नोव्हेंबर १९७३ च्या हल्ल्यानंतर १८ मे २०१५ पर्यंत होत्या. त्यांना काय हवे होते हे कोणालाच कधी विचारता आले नाही, म्हणून पिंकी विराणी आणि केईएमच्या परिचारिका, दोघींनाही प्रेमापोटीच, एकमेकींच्या विरुद्ध बाजूंनी बोलावे लागले.

आजोबांच्या खाटेपाशी त्या रात्री करण्यासारखे बरेच असते. खाली बसून, त्यांच्या कानाशी, सुनेला नव्हे तर त्यांना विचारायचे: ‘आजोबा, घशात नळी घालणार नाही. नुसता घट्ट मास्क लावून यंत्राने श्वास देऊ, चालेल? नाही सोसला तर काढू.’ बायपॅपच्या अशा मास्कवर या आजाराचे कित्येक रुग्ण नळीविना सावरतात. धाप असह्य झाली तर मॉर्फिनची लहान मात्रा ती कमी करते. मुलगा येईपर्यंत, शुद्ध आहे तोवर, व्हिडिओ कॉल लावून बापलेकांचे बोलणे घडवून आणता येते. वाशीच्या पुलावर टॅक्सीत बसलेल्या मुलाला वडिलांच्या तोंडून ‘नळी नको’ ऐकू आले, की पहाटे तो डॉक्टरला जो प्रश्न विचारणार होता तो बहुधा विचारत नाही.